कुठे थांबायचं

गोष्ट वाईट असती तर धाकटीने मासिक केराच्या टोपलीत टाकलं असतं आणि विषय संपला असता. पण गोष्ट झकास होती. म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरचीने मासिक पुढे केलं. "अगं, तुझ्या ताईची गोष्ट! वाच, खाली ठेववणार नाही." आणि खरंच ठेववलं नाही. पोटातलं बाळ गमावून इस्पितळातून एकटीच घरी आलेली बाई, दाराला नवऱ्याने बसवलेलं नवीन कुलूप, न फिरणारी किल्ली. घर धाकटीचं, किल्ली धाकटीची, आणि तीच मेली पुढे काय होतंय म्हणून भराभर पानं उलटत होती! नवऱ्याच्या आत्याचं वर्णन वाचून तर फिस्सकन हसलीसुद्धा. मग हसल्याचा राग आला. त्या नादात एका म्हाताऱ्याच्या कवळीचं मेण वितळून वाया गेलं आणि साहेबांची बोलणी खावी लागली, ती वेगळीच.

काम सुटल्यावर ती तडक ताईकडे गेली. ताई टेबलावर कागद पसरून बसली होती. सोमवारी तिचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि हीच गोष्ट त्यात पहिली होती.

"ती गोष्ट काढ पुस्तकातून."

"आधी बस तरी. पाणी देऊ?"

"पाणी नको. गोष्ट काढ."

"अगं, तुझं नाव कुठे घातलंय मी? आणि लोकांना किती आवडलीये! पत्रांवर पत्रं येताहेत. सगळे शेवटाबद्दलच लिहितात."

शेवट असा होता: बाई बेल वाजवते, आतून पावलं दारापर्यंत येतात आणि थांबतात. बस्स.

"वाचकाला तिथेच ताटकळत ठेवायचं असतं," ताई शिकवणी घेतल्यासारखी म्हणाली. "कुठे थांबायचं ते कळलं, की गोष्ट जमली."

एवढं ऐकलं आणि धाकटीचा तोल सुटला.

"तुला डोंबल कळलं! तुला पुढचं माहीतच नाही, ताई. मी त्या जिन्यातूनच फोन केला होता तुला. पावलं आली, थांबली, इथवर सांगितलं आणि तू म्हणालीस, 'पाहुणे आलेत गं, नंतर करते.' चार वर्षं झाली. कुठे गेलं तुझं ते नंतर?"

ताईचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "मग... उघडलं का त्याने दार?"

या एका प्रश्नासाठी धाकटीने चार वर्षं फोनकडे डोळे लावले होते. आता तो ऐकून तिला नुसती चीड आली.

"ते नाही सांगणार. आणि छाप तू खुशाल! फक्त त्या बाईने जिन्यातून बहिणीला फोन केला होता, आणि बहीण काय म्हणाली, तेही घाल. शब्द न शब्द. मग बघू किती पत्रं येतात."

ताई समोरच्या कागदांकडे बघत राहिली. धाकटीला वाटलं, आता ही उठेल, जवळ येईल, निदान चुकलं एवढं तरी म्हणेल.

"नको गं," ताई हळूच म्हणाली, "त्याने गोष्ट बिघडेल."