कोरड्या वाटीतले डोळे

काचेवरच्या चित्राचं सगळंच उलटं. कागदावर देवाचे डोळे शेवटी काढतात, इथे सगळ्यांत आधी. मग दागिने, मग अंग, आणि मागचा रंग शेवटी. काच फिरवली की देव समोर. आमच्या कॉटनपेटेतल्या घरात आणखी एक रीत होती: डोळे उमटले की देव आला, मग काच अर्धी टाकायची नाही.

या रीतीनं माझा जीव खाल्ला. सासरे, नागोजीअण्णा, रोज सकाळी नव्या काचेवर डोळे काढून मोकळे! बाकीचं रंगवायला मी आहेच. घ्यायला तर कुत्रं फिरकत नव्हतं; लोक छापील देव लॅमिनेट करून लावायला लागले होते. माझी पाठ मोडून गेली होती. शंभूराजनं, माझ्या नवऱ्यानं, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, त्याच्याच कारखान्यात मला पॅकिंगचं काम बघितलं. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण अर्धा देव टाकून जाऊ कशी?

म्हणून रविवारी हातातला राम पुरा केला आणि सोमवारसाठी काजळी घोटलीच नाही. वाटी धुऊन कोरडी ठेवली. शाई नाही तर डोळे नाहीत. अण्णा चिडतील, चिडू देत.

सकाळी डबा भरून बाहेर आले तर अण्णा काचेवर वाकलेले. कोरड्या वाटीत कुंचला बुडवायचे, काठाला निथळवायचे, काचेवर सावकाश फिरवायचे. मग पाठ सरळ करून म्हणाले, "झाले बघ, गोजरा. स्वल्प बारीक आलेत का?"

काच कोरी होती. हल्ली काचेवरचे डोळे वरखाली येत होते, तर मी मेली समजत होते की अण्णांचा हात कापतोय. या माणसाला दिसतच नव्हतं, आणि त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"छान आलेत," मी म्हणाले.

"लक्ष्मीचे आहेत. ही काच पुरी करू नकोस. तू कामाला निघालीस ना, शंभूनं सांगितलं मला. नुसते डोळे असू देत, तुझ्यावर लक्ष ठेवून राहतील. जा आता."

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला. आणि आता पाय उचलेना.

दारात शंभूराजनं स्कूटरचा हॉर्न वाजवला. मी डबा खाली ठेवला आणि काजळी घोटायला बसले.