केझायाचं 'नेहमीप्रमाणे'

थॉर्नबेकच्या चॅपलात, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनामंदिरात, दर जूनमध्ये वर्धापनदिनाचा चहा असायचा, चहा कसला, जेवणच, आणि त्या चहाचं हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, उकडायचं काम एकतीस वर्षं केझाया आउथवेटचं होतं. चॅपलच्या तांब्याच्या हंड्याला हात लावील अशी दुसरी बाई त्या खोऱ्यात जन्मलीच नव्हती; निदान केझायाचं तसं मत होतं. आणि केझायाचं मत म्हणजे खोऱ्याचं मत, असं तिचं आणखी एक मत होतं.

शाळा म्हणाल तर दहाव्या वर्षी सुटली नि ती गिरणीत लागली. सही यायची, दुकानातल्या किमती वाचता यायच्या, पाठ असलेल्या बायबलावरून बोट फिरवता यायचं. पण चॅपलच्या इतिवृत्ताच्या वहीत आपल्या नावापुढे काय असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा नवरा एनॉक सभेचा चिटणीस. दर वर्षी सभा झाली की घरी येऊन बूट काढता काढता तो सांगायचा, लिहिलं बरं का, हॅम मिसेस आउथवेट यांनी उकडलं, नेहमीप्रमाणे.

इंग्रजीत 'ॲज युज्वल', दोन इवलेसे शब्द. पण थॉर्नबेकात ते वहीत ज्याच्या नावापुढे लागले त्याचं ते काम मरेपर्यंत. ऑर्गनचा भाता ओढणारा जेबेझ ऐंशीचा झाला, मधल्या मधल्या स्तोत्रांत त्याला डुलकी लागायची आणि ऑर्गन मेंढीसारखा बें बें करायचा, तरी त्याला कुणी हलवलं नाही. वहीत 'नेहमीप्रमाणे' होतं ना. लढाईच्या वर्षांत रेशनचं हॅम मुठीएवढं मिळायचं, ते केझायाने कागदासारखं कापून साठ माणसांना पुरवलं, तेव्हाही वहीत तेच.

मग एनॉक गेला आणि पाठोपाठ केझायाची छाती धरली. दोन हिवाळे ती अंथरुणात, आणि उन्हाळ्यातसुद्धा जिना चढवेना. हॅम उकडलं पलीकडच्या गल्लीतल्या डॉर्कस मेटकाफने. डॉर्कस विधवा, दहा वर्षांनी लहान, दंड पावाच्या लाद्यांसारखे, आणि हसायची तर अशी की खिडकीची काच थरथरावी. पहिल्या वर्षी वहीत आलं, 'या वर्षी मिसेस मेटकाफ यांनी'. 'या वर्षी' ऐकून केझायाला डॉक्टरच्या बाटलीपेक्षा जास्त गुण आला. या वर्षी म्हणजे पुढच्या वर्षी नाही.

तिसऱ्या मे महिन्यात ती उठली, टोपी घातली आणि खाटकाकडे हॅम सांगायला गेली. तिथे डॉर्कस आधीच काउंटरला टेकून उभी. हॅम सांगून झालं होतं, दोन मोठी, हाडासकट.

"केझायाबाई, तुम्ही कशाला छातीला ताण देता?" डॉर्कस म्हणाली. "रेनर मास्तरांनी गेल्या सालचं लिहून टाकलंय. मिसेस मेटकाफ यांनी, नेहमीप्रमाणे. मला वाचून दाखवलं त्यांनी."

"दोनदा उकडलं की नेहमीचं झालं होय गं?" केझाया म्हणाली. "गिरणीवाल्याच्या पोराबरोबर दोनदा नाचली म्हणून कुणी त्याची सून होत नाही."

खाटकाला एकाएकी सॉसेज मोजायची आठवण झाली. केझाया बाहेर पडली ती घरी गेलीच नाही. अंगाचा नुसता तिळपापड झालेला, अशी ती चढ चढून थेट शाळेत मास्तरांच्या दारात.

रेनर मास्तर एनॉकनंतरचे चिटणीस. माणूस सरळ, पण शिकलेल्या माणसांना असते ती खोड त्यांनाही होती. समोरचा रडत असला तरी आधी समजावून सांगायचं. त्यांनी खुर्ची दिली, वही काढली आणि सांगितलं की हे इतिवृत्त अजून मंजूर नाही, जूनच्या सभेत वाचून हात वर झाले की पक्कं. आणि उगाच जिवाला लावून घेऊ नका, हे काही कौतुक नव्हे.

"जिथे सांगण्यासारखं काही नसतं तिथे आम्ही 'नेहमीप्रमाणे' लिहितो, केझायाबाई. शाई वाचते. ज्याचे आभार मानायचे त्याला ओळी देतो."

समजूत घालायची म्हणून त्यांनी वाचूनही दाखवलं. कुणा बाईने एकदा बशा उसन्या दिल्या, तिचे आभार पाच ओळी. कुणी पताका शिवल्या, तीन ओळी. आणि मध्ये मध्ये दर वर्षी हॅम, मिसेस आउथवेट, नेहमीप्रमाणे, पूर्णविराम.

केझायाच्या कानशिलांतून वाफ निघायला लागली. एकतीस वर्षं आपण ज्याला मुकुट समजत होतो ती शाईची काटकसर होती.

"एकदाही आभार नाहीत?"

मास्तर पानं उलटत राहिले. एके ठिकाणी थांबले आणि वही मिटायला लागले. केझायाने हात मध्ये घातला. कुठलं साल ते तिने विचारलं नाही, मास्तरांच्या तोंडावरून कळलं. त्या साली जूनमध्ये तिची आणि एनॉकची रूथ घटसर्पाने गेली होती, सहा वर्षांची. पुरून नऊ दिवस झाले होते. हॅम सांगितलेलं होतं, माणसं येणार होती, म्हणून केझायाने हंडा चढवला, त्यात वासासाठी मूठभर सुकं गवत टाकलं, आणि हॅम उकडलं.

पानावर तिचं नाव होतं, त्यापुढे बोराएवढा शाईचा डाग होता, आणि डागाच्या पलीकडे ते दोन शब्द.

मास्तर हळूच म्हणाले, की चिटणिसाने स्वतःच्या बायकोचे आभार लिहायचे नसतात. तशी रीतच नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी मलाही लिहिता आलं नसतं.

केझायाने डागावर बोट ठेवलं. एनॉक बोलका कधीच नव्हता. टाक धरून तो किती वेळ तसाच बसला असेल, तेवढा तो डाग होता. मग तिने ते दोन शब्द नीट बघून घेतले, त्यांची वळणं, त्यांची लांबी, आणि शेवटचं पान काढायला लावलं. डॉर्कसच्या नावापुढे तेच. हुबेहूब तेच. आपल्या मुलीच्या अंगातलं झबलं शेजारणीच्या पोरीने घालून गल्लीत मिरवावं, तसं तिला झालं.

"खोडा," ती म्हणाली.

मास्तरांना खोडता येत नव्हतं. सभेत सभासदाने उठून दुरुस्ती सुचवावी लागते, दुसऱ्याने अनुमोदन द्यावं लागतं. शिवाय नुसतं खोडा म्हटलं तर हेवा दिसेल. त्या जागी काहीतरी घालायला हवं.

काय घालायचं, यावर केझायाने तीन आठवडे घालवले. उत्तर पहिल्याच दिवशी सापडलं होतं. उरलेले दिवस ते गिळण्यात गेले.

इतकी वर्षं इतिवृत्त वाचलं जायचं तेव्हा ती मागच्या स्वयंपाकघरात असायची, एकदाही कानांनी ऐकलं नव्हतं. या वेळी ती काळी टोपी घालून पहिल्या बाकावर बसली. मास्तर वाचत होते. थॉर्नबेकची माणसं इतिवृत्त कधी ऐकत नाहीत; दाराआड चहा असतो, म्हणून शेवटची ओळ यायच्या आधीच हात अर्धे वर असतात. तसे ते गेले. केझाया उठली.

"दुरुस्ती आहे."

सगळे हात हवेत तसेच राहिले.

"मी आजारी असताना मेटकाफबाईंनी दोन वर्षं हॅम उकडलं," ती म्हणाली. "त्यांची एका 'नेहमीप्रमाणे'वर बोळवण करायची, हे चॅपलला शोभत नाही. ते शब्द काढा. लिहा की सभा त्यांची मनापासून आभारी आहे. चांगल्या चार ओळी लिहा. आणि लिहा की हॅम," इथे तिने टोपी सारखी केली, "हॅम चांगलं होतं."

मास्तरांनी टाक उचलला. "'चांगलं' लिहू की 'उत्कृष्ट'?"

या माणसाला पुढच्या जन्मी हॅम करून उकडावं, असं तिच्या मनात आलं.

"उत्कृष्ट लिहा."

जेबेझ नेमका जागा होता, त्याने अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. केवढं मोठं मन बाईचं, असं मागच्या बाकांवर सुरू झालं. डॉर्कस लालबुंद होऊन उठली, वाकली, बसली.

स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर आल्या तेव्हा हॅम थाळीत होतं, डॉर्कसने उकडलेलं.

"मला आभार नको होते, केझायाबाई."

"ठाऊक आहे."

"तीस वर्षं मी तुमच्या मागे बशा पुसत उभी होते. बशा पुसणारीचं नाव वहीत येत नाही. त्या दोन शब्दांसाठी जीव टाकला मी, आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला हार घालून ते घेऊन गेलात."

केझायाने सुरी घेतली, पातळ काप काढला आणि तोंडात टाकला. मनातून तिला ते खारट हवं होतं, चिवट तरी हवं होतं. ते लोण्यासारखं होतं.

"गवत किती घातलंस?"

"मूठभर. तुम्ही घालता तेवढंच."

"पुढच्या वर्षी हंडा मी चढवणार," केझाया म्हणाली. "तू काप कर. सुरीला हात बरा आहे तुझा."

पुढच्या जूनमध्ये हॅम केझायाने उकडलं, आणि त्याच्या पुढल्या जूनमध्ये, ते साल वाचायची वेळ आली तेव्हा, तिने स्वयंपाकघराचं दार फटीएवढं उघडं ठेवलं. मास्तरांचा आवाज आला. हॅम मिसेस आउथवेट यांनी उकडलं, नेहमीप्रमाणे. काप मिसेस मेटकाफ यांनी केले.

पुढे आणखी काही येतंय का, म्हणून ती श्वास धरून थांबली. शेजारी हातात सुरी घेऊन डॉर्कसही थांबली होती.

मास्तर पताकांवर गेले. केझायाने दार लावून घेतलं आणि चहाच्या भांड्याखालचा गॅस मोठा केला.