कळंब्याची न्यायी म्हैस

कळंबा तलावाच्या काठी सकाळपासून झुंबड उडाली होती. पिराजीबाबांची म्हैस म्हणे चोर ओळखते, चोराचा खांदाच चाटते! कोल्हापूरकर माणसावर विश्वास ठेवेल न ठेवेल, पण डोळ्यांदेखत धार देणाऱ्या म्हशीवर त्याची निष्ठा अढळ. ज्यांचं काहीच चोरीला गेलं नव्हतं, तेही दुसऱ्याचं काय गेलं ते ऐकायला आले होते.

चिमणाबाईंची बोरमाळ गेली होती आणि त्यांनी धाकट्या सुनेला, पूर्णिमाला, सगळ्या घरच्यांसोबत आणून उभं केलं होतं. म्हशीनं चाटलं की तिची थेट माहेरी रवानगी. पूर्णिमा भेदरून घरच्यांच्या मागं सरकत होती.

बाबा चिमणाबाईंच्या कानाशी लागले. "संशय कुनावर?"

"धाकटीवरच की!"

मग आसनावर बसून बाबा गरजले, "माणूस खोटं बोलंल, म्हस न्हाई! येक वेळ जर्सी गाय बोलंल!" त्यांनी एकेकाला वाकवून खांद्यावर आशीर्वादाचा हात ठेवला. पूर्णिमाच्या खांद्यावर तो जरा जास्तच घासला. पदर चिकट लागला, म्हणून तिनं तो नाकाशी नेला. काकवी! तिची भीती पळाली आणि डोकं तापलं.

"बाबा, किती घाम आलाय तुमास्नी," म्हणत तिनं त्याच पदरानं बाबांचं टक्कल भक्तिभावानं पुसलं आणि पदर कमरेला घट्ट खोचला.

म्हैस सोडली. ती पूर्णिमाला ओलांडून तडक बाबांकडे गेली आणि टक्कल चाटू लागली. बाबा उठून पळाले, म्हैस मागं. दिवाळीच्या शर्यतीत मोटारसायकलीमागं म्हशी पळवणारं हे पब्लिक, सवयीनं शिट्ट्या सुरू झाल्या. "पळीव, पळीव!"

चिमणाबाईंचा आ वासलेला. "म्हंजे माळ बाबानं चोरली?"

"आत्ती, काकवी हाय ही, हुंगा!" पूर्णिमानं पदर पुढं केला. "नाव तुमीच सांगितलं. त्यानं नुसतं माझ्या खांद्याला गोड फासलं."

चिमणाबाईंनी हुंगलं. मागोमाग चारचौघांनी हुंगलं. शिट्ट्या थांबल्या.

"मग माळ कुनी नेली गं?"

"मला ठावं न्हाई. पण ठावं नसंल तर शोधायचं, चार माणसांस्नी इचारायचं. म्हशीच्या जिभंवर कुनाची अब्रू टांगायची न्हाई."

चिमणाबाई ओशाळल्या. सुनेकडे बघायचं धाडस होईना. मग तिचा हात धरून हळूच म्हणाल्या, "चल घरला. आदी माझंच कपाट उपसू."