डावीकडचा अंधार

सरांनी तीस वर्षं शाळेत वीज शिकवली होती. त्यामुळे त्यांच्या जुन्या गाडीचे दिवे मनाला येईल तेव्हा विझायला लागले, तेव्हा त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला.

संध्याकाळी रस्त्याने जाताना दिवे गपकन जायचे, जरा वेळाने आपोआप यायचे. गॅरेजमध्ये नेलं की मात्र सासरी आलेल्या जावयासारखे शहाणे. मेकॅनिकने बटण दहा वेळा दाबलं, दहाही वेळा दिवे लागले.

"सर, काहीच नाही हो गाडीला."

"मग मी आंधळा झालो का?"

मेकॅनिकने बल्ब बदलले. पुढच्या खेपेला फ्यूज, त्यापुढच्या खेपेला रिले. बॅटरीच गेली म्हणून मेहुण्याने फोनवरूनच निकाल दिला. गाडी न बघता तो कायम असेच निकाल द्यायचा. सरांनी सगळ्यांना वेड्यात काढलं आणि स्वतःचा सिद्धांत मांडला: हवेतल्या दमटपणामुळे जोड सैल पडतात. त्याचा तक्ताही केला. तक्ता सुरेख झाला, दिवे जातच राहिले.

गाडीत शेजारी बसणारी बायको हे सगळं महिनाभर बघत होती. एके संध्याकाळी दारात गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "अहो, डावीकडे वळलात की जातात."

"योगायोग."

"भाजीबाजाराचं वळण डावीकडे, डॉक्टरांचंही डावीकडेच. दोन्हीकडे गेले. ताईकडे जाताना उजवीकडे वळतो, तिथे एकदाही गेले नाहीत."

"अगं, स्टिअरिंगचा आणि दिव्यांचा काय संबंध? विज्ञानाला काही शिस्त असते."

तिने वाद घातला नाही. "जरा गाडीसमोर उभे राहा," म्हणाली, आणि किल्ली घेऊन चालकाच्या जागेवर बसली. दिवे लावले. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. दिवे गेले. उजवीकडे फिरवलं, आले. पुन्हा डावीकडे. सर उघड्या तोंडाने एकदा उजेडात, एकदा अंधारात दिसत होते. गल्लीतली दोन माणसं थांबून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक डॅशबोर्डखाली आडवा झाला. वायरींची जुडी धरणारी क्लिप तुटली होती. जुडी स्टिअरिंगच्या दांड्यावर घासून एक वायर जवळजवळ तुटली होती, आणि डावीकडे वळलं की तिला ओढ बसत होती.

"कुणी शोधलं हो हे?" त्याने खालूनच विचारलं.

सर खाकरले. "निरीक्षण केलं, दुसरं काय!"

"कुणी?" बायकोने विचारलं.

मेकॅनिकने डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं.

"हिने," सर म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून पुढे जोडलं, "अर्थात, दिव्यांसमोर मी उभा होतो."