तिसरा पक्षी

“हे बगा सर, तुमचं लिव्हरपूल!”

बसलिंगप्पाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत उंच दगडी इमारत, तिच्या दोन मनोऱ्यांवर तांब्याचे दोन हिरवट पक्षी आणि पुढे कानटोपी घातलेला बसलिंगप्पा. तोही मधोमध नाही, पार एका कडेला. एवढा सातासमुद्रापार गेला आणि याला फोटोत धड उभं राहता आलं नाही, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, याहून वाईटही आलं.

उदगीरच्या एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं काढली. मी इतिहास शिकवला, त्याने पीटी. माझे आजोबा हिमायतनगरला जिनिंगमध्ये कारकून होते. कापसाच्या भावाची तार यायची, तिच्यात लिव्हरपूलचं नाव असायचं. आजोबांच्या तोंडून ते ऐकलं आणि लहानपणीच ते शहर माझं झालं. बाराशे सात साली जॉन राजाने दिलेली सनद, खाडीकाठच्या चिखलातल्या सात गल्ल्या, सतराशे पंधराची पहिली गोदी, गुलामांच्या व्यापारावर चढलेले इमले, मग कापूस, मग रेल्वे, मग एकेचाळीस सालचे बॉम्ब, मग ओस पडलेल्या गोद्या. अभ्यासक्रमात नसताना मी हे नववीच्या पोरांच्या गळी उतरवलं. पासपोर्टही काढला होता. दहा वर्षांनी त्याची मुदत संपली, एकाही पानावर शिक्का न उमटता.

आणि गेला कोण, तर बसलिंगप्पा! त्याची लेक उज्ज्वला तिथे नर्स आहे. सहा महिने राहून आला. ज्याला दात त्याला चणे नाहीत, दुसरं काय.

“गोदीवर गेला होतात?” मी विचारलं.

“गेलतो की. लई वारं, सर. कान फुटायची पाळी.”

“आणि ते गुलामगिरीचं संग्रहालय?”

“गेलतो. पन अर्ध्यातूनच भाईर आलो. बगवलं न्हाई.”

अर्ध्यातून! मी तिथे दिवसभर वही घेऊन उभा राहिलो असतो. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते हेच.

आठवड्याने निवृत्त शिक्षक संघाने त्याचा सत्कार ठरवला. भाषणाचा विषय ‘लिव्हरपूल : काल आणि आज’. पत्रिका वाचून मी ती टेबलावर उलटी करून ठेवली. तीस वर्षांत मला कुणी ‘काल’देखील विचारला नव्हता. दुसऱ्याच दिवशी स्वारी माझ्या दारात.

“सर, भाषण तुमीच लिवून द्या. ‘आज’ तेवढा म्या बगून आलोय. ‘काल’ तुमच्यापाशी हाय.”

“देतो,” मी म्हणालो, “पण मी लिहिलंय हे कुणाला सांगायचं नाही.”

“हाव. तुमी म्हनाल तसं.”

मी मन लावून लिहिलं आणि मधोमध एक वाक्य घातलं : ‘त्या इमारतीवर तीन पक्षी आहेत. एक समुद्राकडे पाहतो, दुसरा शहराकडे आणि तिसरा आभाळाकडे.’ पक्षी दोनच आहेत, हे मला पाठ होतं. तो ‘तीन’ म्हणेल, मी सभेत उठेन आणि सगळ्यांसमोर चूक दाखवेन. कोण जाऊन आला आणि कोणाला माहीत आहे, याचा एकदाचा निकाल लागेल. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

सभागृह भरलं होतं. पडद्यावर तोच फोटो मोठा करून लावलेला. बसलिंगप्पा शाळेतल्या कवायतीसारखा ताठ उभा राहून वाचत होता. सनद झाली, गोदी झाली, कापूस झाला.

“त्या इमारतीवर तीन पक्षी आहेत...”

तो थांबला. मान वळवून पडद्याकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं. मी खुर्चीच्या कडेला सरकलो.

“मला दोनच दिसले व्हते,” तो हळूच म्हणाला. “पन तीनच असतील. ज्यानं सांगितलं, त्या मानसाचं कदी चुकत न्हाई. तिसरा माज्याच नजरंतून सुटला असंल.”

उठायचं होतं, पण आता उठवेना. तेवढ्यात अध्यक्ष शंकरप्पा माझ्याकडे वळले. “राघवेंद्र सर, तुमी तर यातले जाणकार. फोटोत तर दोनच हायत. खरं किती?”

सगळ्या माना फिरल्या. मी उठलो.

“दोनच. आणि ते वाक्य...”

“माजंच चुकलं!” बसलिंगप्पा घाईने म्हणाला. “लिवताना घोटाळा झाला.” आणि माझ्या अक्षरातला तो कागद त्याने चार घड्या घालून खिशात टाकला.

टाळ्या पडल्या, माझ्यासाठी. मागून कुणीतरी म्हणालं, “न जाताच सरांना किती ठावं हाय बगा!” हेच ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो. कागदाविना बसलिंगप्पाला पुढे बोलता येईना. “फुडचं सर सांगतील,” म्हणत तो खाली बसला. मीही खाली बसलो. आभार मानून सभा उठली.

माणसं पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. तो सत्काराची शाल नीट घडी घालत होता.

“बसलिंगप्पा, तो तिसरा पक्षी मी मुद्दाम...”

“ऱ्हाऊ द्या, सर.” त्याने वर पाहिलं नाही. पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “तुमच्यासाठी मोठा करून आनलाय. तितं समदे म्हनायले, मधी या, मधी या. म्या कडंलाच उभारलो. म्हनलं, मधली जागा आमच्या सरांची हाय.”

तो शाल काखेत मारून निघाला. रोज आम्ही सोबत परतायचो. त्या दिवशी तो मागे वळला नाही.

घरी येऊन मी कपाटातून जुना पासपोर्ट काढला आणि फोटो त्याच्या कोऱ्या पानांत ठेवायला गेलो. फोटो मोठा होता. मावला नाही.