बरगडीखालची माहेरवाशीण

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी माझी धाकटी बहीण वैजू माझ्या बरगडीखाली राहायला आली. तिच्या यकृताचा तुकडा आधीच बसवला होता. ती स्वतः नंतर आली. शेजारच्या वॉर्डात ती टाके घातलेल्या पोटानं झोपलेलीही होती, पण त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. आतली जागा लहान. ती अंग चोरून बसली. तिला सवय होती.

आईला आनंद झाला. लेक माहेरी आली म्हटल्यावर ओटी भरायला हवी. माझ्या काचेच्या खोलीत फूल नाही, फळ नाही, धान्याचा दाणा नाही, असं नर्सनं तीनदा बजावलं होतं. पण लेकीची ओटी म्हणजे बाहेरची वस्तू नव्हे, असं आईचं म्हणणं. पदराआडून तिनं घरच्या कणगीतले तांदूळ आणले, हळकुंड आणलं, नारळ आणला, आणि सगळं माझ्या पोटावर ठेवून वरून हळदकुंकू वाहिलं.

तिसऱ्या दिवशी तांदळांना लव फुटली. चौथ्या दिवशी ती लव माझ्या छातीत होती, मऊ, पांढरी, सावरीच्या कापसासारखी. मी श्वास सोडला की भिंतीवर बुरशी धरायची आणि भिंत वीतभर आत यायची. नर्स तिरकी होऊन येऊ लागली. आत किती जण आहात, असं तिनं विचारलं. मी दोघं म्हणालो. तिनं तीन लिहिले.

डॉक्टर खोत मावत नव्हते म्हणून दारातूनच बोलले. बुरशीवरचं औषध पुरत नव्हतं. परकं यकृत शरीरानं हाकलू नये म्हणून मी ज्या गोळ्या घेत होतो, त्या आता कमी करायला हव्या होत्या. मग माझंच रक्त उठेल आणि बुरशीला बाहेर काढेल. पण उठलेल्या रक्ताला माणसं ओळखू येत नाहीत. ते बहिणीलाही काढेल. गोळ्या तशाच ठेवल्या तर बुरशी सगळं घर खाईल.

"गोळ्या कमी करायला सही लागेल," ते म्हणाले.

"कुणाची?"

"घर ज्याच्या नावावर आहे त्याची."

कागद आला. मी तो ओळखला. बारा वर्षांपूर्वी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडते म्हणून वैजूनं अशाच कागदावर सही केली होती. मी तिला पेढा भरवला होता, हिरवी साडी घेतली होती. बहिणीनं राजीखुशीनं दिलं, असं गावात सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मजकूर आताही तोच होता. गट नंबरच्या जागी माझ्या बरगडीचा नंबर होता.

मी वैजूला विचारलं.

"दादा, या वेळी विचारतोस?" ती म्हणाली. "बरा सुधारलास."

बुरशी तिच्या निऱ्यांपर्यंत आली होती. ती झटकत नव्हती.

"तू सांग, काय करू?"

"साडी कुठल्या रंगाची आणलीस, ते सांग आधी."

भिंत आता कोपराला टेकली होती. हात फक्त कागदाच्या दिशेनंच हलत होता. पेन मी धरलं. कागदावर मात्र गोल, सावकाश अक्षरात वैजूचं नाव उमटत गेलं, आणि माहेरचं की सासरचं, अशा आडनावापाशी पेन येऊन थांबलं.