मंगळवारची बोट

आमच्या वीरधवलनं बोट मंगळवारी ठरवली. चोवीस वर्षं पलटणीत काढून हवालदार होऊन घरी आलेला माणूस. याच्या चपला ओळीत लागतात, याच्या टूथब्रशची मूठ रोज एकाच दिशेला असते, आणि याला घरातला मंगळवार तेवढा आठवला नाही. मंगळवार म्हणजे औंधच्या यमाईचा वार. माझ्या सासूच्या सासूपासून त्या दिवशी या घरात अंडंसुद्धा फुटलेलं नाही. आणि हा जेवताना सांगतो, मंगळवारी सकाळी सात वाजता मासे धरायला समुद्रात जायचं.

आता समुद्र आमच्या कुंडलला नाही, हे कुणीही सांगेल. आम्ही निघालो होतो अंदमानला. यंदा ऊस वेळेत कारखान्याला गेला, शेतात तोडल्या बुडख्यातनं फुटणारा नुसता खोडवा राहिला, तेव्हा शिवांजली म्हणाली, "आज्जी, आपण एकदा तरी सगळी मिळून कुठंतरी जाऊया की." शिवांजली माझी नात, सांगलीला कॉलेजात शिकते. तिला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. बाप दोन वर्षं जिथं नोकरीला होता ती बेटं बघायची आणि बापानं धरला तसा मासा धरायचा, हे तिनं लहानपणापासून मनात धरलेलं.

कारण तो फोटो. सोप्यात देवाच्या कोनाड्याशेजारी मोठा करून लावलाय. वीरधवल उभा आणि दोन्ही हातांत आडवी धरलेली सुरमई, चांगली हातभर आणि वर वीतभर लांब. ही पोर दोन वर्षांची असताना अंदमानातनं टपालानं आला तो फोटो. पाहुणा आला की पोर बोट धरून त्याला फोटोपुढं न्यायची आणि सांगायची, "ह्यो मासा माझ्या पप्पांनी धरलाय."

माझं म्हणाल तर मी माणूस नदीचं. माहेर भिलवडी, दारापासून कृष्णा दिसायची. नवव्या वर्षी मी एकटीनं वाम, ती सापासारखी लांबडी मासळी, गळानं काढली होती, बाप बघत उभा होता. शाळा चौथीपर्यंत, पण माशाचं मला कुणी शिकवू नये. लग्न होऊन कुंडलला आले, इथं डोंगर आणि कॅनॉल, त्यामुळं गळ सुटला तो सुटलाच. म्हणून अंदमानचं निघालं तेव्हा मी वरवर नाक मुरडलं, पण आतून मला लय उत्सुकता. खाऱ्या पाण्यातला मासा कापल्यावर खारट लागतो का? पाण्याला वाहणंच नाही, तर मासा तोंड कुठल्या दिशेला करून उभा राहतो? नदीत तो धारेला तोंड देतो, हे मला ठाऊक. समुद्रात धार कुठली धरायची?

मी विचारत सुटले आणि वीरधवल उत्तरं देत सुटला, पण त्याची उत्तरं कशी, तर सरकारी कागदासारखी.

"भरती आसंल तसं ऱ्हातंय, आई."

"भरती येती कवा?"

"दिवसातनं दोनदा."

"मग त्यो मासा दिवसातनं दोनदा फिरून हुबा ऱ्हातो व्हय?"

दीपमाला, माझी सून, भाकरी थापता थापता हसली. वीरधवल ताटातली भाजी चिवडत बसला.

मंगळवारचं मी त्याच दिवशी काढलं. "वार बदल."

"बोटवाल्याकडं तेवढाच वार मोकळा हाय."

"मग मी मंगळवारी बोटीत पाय ठेवणार न्हाई. आन् ही दीपमालाबी न्हाई, आन् पोरगीबी न्हाई."

"मग काय, नुसतं बेट बघून यायचं," तो म्हणाला. आणि त्याचा आवाज असा हलका झाला की माझं लक्ष तिथंच अडकलं. मुलगा हट्ट सोडतो तेव्हा आईला कळतं. आणि सुटला म्हणून खूश होतो, तेही कळतं.

पण शिवांजली तशी सोडणारी नव्हे, माझीच नात. दुसऱ्या दिवशी तिनं बापाच्या फोनमधून नंबर घेऊन बोटवाल्याला माझ्यासमोरच फोन लावला, हिंदीत बोलली. फोन ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली.

"आज्जी, त्यो म्हणतोय बुधवार मोकळा हाय. गुरुवारबी मोकळा. साहेबांनीच मंगळवार मागून घेतला म्हणं."

"तुझ्या बापाला इचारलंस?"

"न्हाई. तुमी इचारा. मला उगंच रागावत्याल."

मी काही विचारलं नाही. विचारण्याआधी मला स्वतः बघायची सवय आहे. पहिलं मी एवढंच केलं, संध्याकाळी चहाला सगळे बसले असताना सहज म्हणाले, "वीरधवल, त्या वक्ताला तू गळाला लावलंस तरी काय?"

"गांडूळ की." पटकन म्हणाला.

"गांडूळ? समुद्रात?"

"तिकडं पाऊस लय. जमिनीत गांडूळ पैशाला पासरी."

बरं. सकाळी मी उसाच्या सरीत खुरपं घातलं, ओलीत मुठीएवढी गांडुळं निघाली. शिवांजलीला विचारलं, समुद्राच्या पाण्यात मीठ किती? तिनं फोनमध्ये बघून सांगितलं, एका लिटरला पस्तीस ग्रॅम. आमची पाणी तापवायची बादली दहा लिटरची. दुकानातून खडा मीठ आणलं, साडेतीनशे ग्रॅम मोजून टाकलं, ढवळलं, एक बोट जिभेवर लावलं आणि पचकन थुंकले. एवढं खारट? असल्या पाण्यात जन्म काढून माशाचं मांस गोडं कसं राहतं, हे कोडं मला आजपर्यंत सुटलेलं नाही. मग गांडुळं सोडली.

दीपमाला धुणं घेऊन आली, बादलीत डोकावली आणि दोन पावलं मागं सरली. "आत्याबाई, हे काय वो?"

"समुद्र हाय. बघ."

गांडुळं दोन-चार वेळा तडतडली, अंगाची गाठ मारली, आणि मग सुतळीच्या तुकड्यांसारखी तळाला बसली. मी एक काडीनं हलवलं. गेलं होतं. गळाला लावायचं आमिष वळवळलं पाहिजे, वळवळ बघून मासा येतो. हे माझ्या बापाचं शिकवणं. तसलं मेलेलं लिबलिबीत दोरीचं टोक बघून हातभर सुरमई कशाला तोंड उघडेल?

म्हटलं, असेल बाई. समुद्राचे मासे मला ठाऊक नाहीत, असतील भोळे. हात धुऊन मी सोप्यात गेले आणि फोटोपुढं उभी राहिले.

एक सांगायचं राहिलं. गेल्या साली सांगलीला माझा मोतीबिंदू काढला. त्याआधी कितीक वर्षं तो फोटो माझ्यासाठी एक ढगाळ माणूस आणि एक चकाकती पट्टी एवढाच होता. पाहुण्यांना मीही दाखवायची, पण बघितला असा कधी नव्हता. त्या दिवशी स्टूल ओढून वर चढले.

माशाचा डोळा आत बसलेला. पांढरा, दुधावर साय आल्यासारखा. ताज्या माशाचा डोळा फुगलेला असतो, काळा, तुमच्याकडं बघतो. हा कुणाकडं बघत नव्हता. निदान सकाळपासून तरी पाण्याबाहेर पडलेला होता. मग मी फोटोत खाली बघितलं. वीरधवलचे बूट. पॉलिश केलेले. पँटीला इस्त्रीची घडी. नवव्या वर्षी मी वाम काढली तेव्हा माझ्या परकराचा चिखल आईनं दोन दिवस धुतला होता.

पहिला राग आला तो सगळ्यांना बोलावून दाखवावं असाच. तोंडावर आलंही होतं. तेवढ्यात शिवांजली आतून आली, म्हणाली, "आज्जी, पडशीला. काय बघताय?"

"धूळ पुसतीया."

"पुसा नीट. ह्यो फोटू मी बोटवाल्यालाबी पाठवलाय. म्हटलं, आमचे पप्पा जुने खिलाडी हायेत."

मी पदरानं काच पुसली आणि खाली उतरले.

वीरधवल खोडव्याला पाणी देत होता. मी बांधावरून गेले आणि कॅनॉलच्या पाटाशी टेकले. तो सरीचं तोंड फोडत होता, पाणी त्याच्या घोट्यावरून चाललं होतं.

"मासा कुणाचा व्हता?" मी म्हणाले.

त्यानं फावडं थांबवलं नाही. एक सरी भरली, दुसरीला पाणी वळवलं, मग म्हणाला, "बाजारातला. पोर्ट ब्लेअरला बाजार हाय, तिथला."

"इकत घेतलास?"

"इकत कुठला. एवढा मोठा मासा कोण खाणार एकट्यानं. त्या बाईला म्हटलं, जरा धरू दे, फोटू काढतो. तिनं दिला. काढला की परत दिला."

"आन् बोट?"

"बोटीत एकदाच गेलो, आई. गड्यांबरोबर. काठ दिसत व्हता तवरच पोटातलं सगळं भाईर. परत येईपर्यंत फळीवर आडवा. पलटण चेन्नईवरनं जहाजानं गेलती तवाबी तीन दिवस तसंच. मग परत गेलोच न्हाई."

हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. लहानपणी औंधला देवीला नेताना एसटीत बसला की कडेगाव यायच्या आत याला ओकारी. मी खिडकीशी बसवायची, नाकाशी लिंबू धरायची, आणि तरी माझ्या लुगड्यावर व्हायचंच. म्हणजे एसटीत टिकत नव्हता तो समुद्रात टिकला, हे मीच कसं मानलं?

"पर फोटू पाठवायची गरज काय व्हती?"

आता त्यानं फावडं पाटात रोवलं. "तुमीच फोनवर म्हणालासा. आठवतंय का बगा. भिलवडीच्या बाईचा पोरगा, दोन वर्षं चारी बाजूंनी पाण्यात बसलाय, आन् एक मासा धरता येत न्हाई. दर फोनला तेच. पलटणीतला गुंडा शेजारी उभा आसायचा, त्यो ऐकून हसायचा."

मी म्हणाले होते. माझं बोलणं मला आठवत नाही असं कधी होत नाही. गावातल्या फोनच्या खोक्यात उभी राहून, पाठीमागं चार बायका थांबलेल्या, त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले होते.

"आन् मंगळवार म्हंजे आमच्या माथी मारायचा व्हता व्हय?"

"तुमी न्हाई म्हटलं की बोट आपोआप मोडती," तो म्हणाला. "मग पोरीपुढं मला काय सांगायला नको. आई, सगळ्या जगानं हसलं तर चाललं. तिनं न्हाई. ती लहान व्हती तवापास्नं सांगत आलीया सगळ्यांना."

पाणी आता सरीतून बाहेर सांडायला लागलं होतं, त्याचं लक्ष नव्हतं. मी चपला काढल्या, उतरले आणि पायानंच माती लोटून तोंड बंद केलं. पाणी गार होतं. पायाच्या बोटांवरून सरकत गेलं तेव्हा भिलवडीचा घाट आठवला, आणि वाटलं, ते खारं पाणी पायाला कसं लागत असेल? जड लागतं का? चिकट?

शेवग्याच्या झाडाखाली त्यानं मला पाणी दिलं. आम्ही दोघं बसलो. त्यानं विचारलं, "आता काय करायचं ते तुमीच सांगा." पन्नाशीला टेकलेला माणूस, पण बसला होता औंधच्या एसटीत बसायचा तसा, लिंबाची वाट बघत.

यमाईचं नाव पुढं करून हा स्वतः मागं लपला, हे मला काही केल्या गिळवत नव्हतं. पण त्याला लपायला माझ्याच जिभेनं लावलं होतं, तेही गिळवत नव्हतं. दोन्ही मी तोंडात धरून बसले होते, उसाच्या कांडासारखं, आणि चोथा तर थुंकायला पाहिजेच.

मी उठले, पदर खोचला आणि म्हणाले, "बोटवाल्याला फोन लाव, बुधवार कर. यमाईचा वार आपलं भ्या झाकायला वापरायचा न्हाई, परत असं केलंस तर मी तुला औंधला चालवत नीन. शिवांजलीला आज जेवायच्या आदी खरं सांगायचं, आन् तूच सांगायचं, मी न्हाई; मी सांगितलं तर लय तिखट लागंल. फोनवर मी बोललेलंबी सांग, ते लपवू नगंस, माझं मी निस्तारीन. बुधवारी तू काठावर बस. गळ मी टाकणार, पोरगी माझ्या शेजारी बसंल, आन् गांडुळं न्यायची न्हाईत. मासा घावला तर हातात धरून फोटू तुझाच काढायचा, पर त्याचा डोळा जित्ता असंपर्यंत. आन् न्हाईच घावला, तर भिंतीवरची ती जागा मोकळी ऱ्हाऊ दे."